फेब्रुवारीतलं मत आणि नोव्हेंबरातलं मत

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. शनिवारी दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडलं तर कॉलेजातली एक मुलगी, हातात पत्रकांचा गठ्ठा आणि फोन, थंडीने नाक लाल झालेलं. आमच्या कॅंटनमध्ये त्या महिन्यात अशी मुलं सतत यायची, मिशिगन म्हणजे स्विंग स्टेट, कुठल्याही बाजूला झुकू शकणारं राज्य, म्हणून प्रत्येक दार वाजवलं जात होतं. ही मुलगी कमला हॅरिससाठी कुठल्याशा स्वयंसेवी गटाकडून फिरत होती. तिने विचारलं, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता, आणि फोनवर यादी उघडून बोट तयार ठेवलं. मी म्हणलं, गाझा. तिने यादी खाली सरकवली, मग वर, मग परत खाली. महागाई होती, गर्भपाताचा हक्क होता, लोकशाही होती, आरोग्य विमा होता. शेवटी हळू आवाजात म्हणाली, यात नाहीये ते, मी 'इतर'वर टिक करू का? मी म्हणलं कर. तिने टिक केली, थँक्यू म्हणाली, पत्रक दिलं आणि शेजारच्यांच्या दाराकडे गेली.

मला तिचा राग आला नाही, ती यादी काही तिने केलेली नव्हती. पण दार लावून आत आल्यावर कितीतरी वेळ मी ते पत्रक हातात घेऊन किचनमध्ये उभी होते. कुठेतरी कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलं असणार ना की या राज्यात, जिथे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर अरब वस्तीचं डिअरबॉर्न आहे, तिथे दारोदार जाताना हा प्रश्न यादीत घ्यायचा नाही.

डिअरबॉर्न माझं कामाचं गाव. फोर्डच्या आजूबाजूला ज्या शेकडो छोट्यामोठ्या सप्लायर कंपन्या आहेत त्यातल्या एकीत मी नोकरी करते. घरापासून फोर्ड रोड पकडला की सरळ पूर्वेला जायचं, आधी मॉल आणि पेट्रोलपंप, मग हळूहळू पाट्या अरबीत दिसायला लागतात, मग उजव्या-डाव्या बाजूला बेकऱ्या, लग्नाच्या कपड्यांची दुकानं, आणि मग मशिदीचा तो मोठा सोनेरी घुमट. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी मैत्रीण मूळची दक्षिण लेबनॉनमधल्या बिंत जबेलची, डिअरबॉर्नमधल्या कितीतरी घरांचं मूळ गाव तेच. आम्ही दोघी एका वयाच्या, दोघींच्या मुली एकाच वर्षीच्या, दोघी डब्यात घरचं आणणाऱ्या. ती झातर नावाचा मसाला लावलेली रोटी आणायची, मी थालीपीठ. सप्टेंबरच्या शेवटी जेव्हा लेबनॉनवर हल्ले सुरू झाले तेव्हा ती रोज सकाळी आल्या आल्या फोन टेबलावर पालथा ठेवायची आणि दर पंधरा मिनिटांनी उलटा करून बघायची. मावशी निघाली का, कुठल्या रस्त्याने निघाली, पोचली का. ऑक्टोबरच्या सुरवातीला डिअरबॉर्नचाच एक रहिवासी तिकडे हल्ल्यात मारला गेला. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. आणि मीटिंगमध्ये मात्र गिअरबॉक्सच्या कुठल्यातरी पार्टच्या उशिराबद्दल ती नेहमीसारखं बोलली, आकडे बरोबर, आवाज बरोबर.

या बाईला मी काय सांगणार होते? की ट्रंप जास्त वाईट आहे?

हे वाक्य त्या वर्षी मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकलं. खरंच होतं ते, मला स्वतःला पटत होतं. पण ते वाक्य तिच्यासमोर उच्चारायला माझी जीभ धजली नाही, आणि अजूनही वाटतं की नाही उच्चारलं ते बरं झालं. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतोय त्याला बॉम्ब पाठवणाऱ्या दोघांमधला फरक समजावून सांगणं हे मला कुठल्याच राजकारणात बसवता येत नाही.

खरं तर उमेदवार निवडायची वेळ ऑक्टोबर नव्हतीच. ती होती फेब्रुवारीत. २७ फेब्रुवारी, प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान. त्या दिवशी फेब्रुवारीच्या मानाने भलतीच ऊब होती, लोक स्वेटर हातात घेऊन आले होते. शाळेच्या जिममध्ये मतदान, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं मांडलेली. प्रायमरीला आधी अर्जावर लिहून द्यावं लागतं, डेमोक्रॅटिक मतपत्रिका हवी की रिपब्लिकन. मी डेमोक्रॅटिक घेतली. आत चार ओळी. जो बायडन. डीन फिलिप्स. मॅरियन विल्यमसन, ज्यांनी तोवर कॅम्पेन थांबवल्याचं जाहीर केलेलं होतं. आणि सगळ्यात खाली 'अनकमिटेड'. म्हणजे पक्ष तुमचा, पण यातला कुणी नको. बास, एवढीच निवड. पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष परत उभा राहतोय म्हणल्यावर पक्षातल्या एकाही वजनदार माणसाने समोर यायचं नाही हे आधीच ठरल्यासारखं होतं. आणि त्याच वेळी तिकडे गाझात मृतांचा आकडा ३० हजारांच्या जवळ गेलेला. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये जी सुमारे १,२०० माणसं मारली गेली, जे जवळजवळ २५० ओलीस नेले गेले, त्यानेही मी हादरले होते, त्या संगीत महोत्सवातल्या पोरांचे फोटो माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाहीत. पण त्या दुःखाचं उत्तर म्हणून हे चाललंय ते, आणि त्यात आमच्या टॅक्सचे पैसे, याबद्दल पक्षात एक साधी उघड चर्चा तरी व्हावी ना. प्रायमरी असते कशासाठी? १९६८ मध्ये व्हिएतनाम चालू असताना यूजीन मॅकार्थी नावाचा एक सिनेटर स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षासमोर उभा राहिला, न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मतं घेतली, आणि महिना संपायच्या आत जॉन्सनने जाहीर केलं की मी परत उभा राहत नाही. पुढे त्यातून काय झालं, रॉबर्ट केनेडींची हत्या, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या, आणि एकही प्रायमरी न लढलेला हंफ्री उमेदवार, मग निक्सन, ते सगळं वाईटच झालं. पण निदान युद्धाचा प्रश्न पक्षाच्या आत, मतपत्रिकेवर, एका माणसाच्या नावाने उभा तरी राहिला होता.

आमच्याकडे तो उभा राहिला बिनचेहऱ्याचा. मी काळ्या पेनने 'अनकमिटेड'समोरचा गोल भरला. मिशिगनमध्ये १ लाखाच्या वर लोकांनी भरला, १३ टक्के. गाझासाठी 'अनकमिटेड' भरा असं कॅम्पेन करणाऱ्यांनी १० हजारांचं टार्गेट ठेवलं होतं, कारण २०१६ ला ट्रंप या राज्यात १० हजार ७०४ मतांनी जिंकला होता, तो आकडा पक्षाला कळतो. डिअरबॉर्नमध्ये तर बायडनपेक्षा हा रकाना पुढे गेला. त्या रात्री मैत्रिणीचा मेसेज आला, फक्त आकडा आणि एक हृदय. मला खूप वर्षांनी वाटलं की मत दिल्यासारखं मत दिलं.

हे लिहिताना सांगोला आठवतं. मी वाढले तो तालुका. दुष्काळी, कुसळं आणि डाळिंबाच्या बागा, आणि भिंतीवर रंगवलेला लाल बावटा. माझे आजोबा शेकापचे. म्हणजे सभासद वगैरे नंतर, आधी शेकापचेच. गणपतराव देशमुख, आबासाहेब, अकरा वेळा एकाच मतदारसंघातून एकाच पक्षातून निवडून आलेला माणूस, एसटीने मुंबईला जाणारा. लहानपणी आम्हाला वाटायचं पक्ष म्हणजे असंच काहीतरी असतं, घरातल्या देव्हाऱ्यासारखं, बदलायचा प्रश्नच नाही. आजोबा त्यांच्याशीही भांडायचे, पाण्यावरून, चारा छावण्यांवरून, कट्ट्यावर उभं राहून शिव्या घालायचे आणि मतदानाच्या दिवशी धोतर नेसून पहिल्या नंबरला रांगेत. भांडायची जागा होती ती. पक्ष एवढा लहान होता की नेत्याच्या समोर जाऊन बोलता यायचं, हे मला आता कळतं. आणि मग २०२२ चा जून. आमच्याच तालुक्याच्या तेव्हाच्या आमदारांची गुवाहाटीहून आलेली ती फोनची क्लिप, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. अख्खा महाराष्ट्र हसला, त्यावर गाणी झाली, आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत मुलांनी स्किट केलं. मी नाही हसू शकले. मला आजोबांचं ते धोतर दिसत होतं. त्यानंतर वर्षभरात राष्ट्रवादीही फुटली, आणि लोकांनी कुणाला मत दिलं होतं आणि ते कुठे गेलं याचा हिशोब करायचंच सोडून दिलं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर आला होता, २७ हजारांच्या वर मतं, तेव्हा मी इथे बसून नवऱ्याला म्हणलं होतं की बघ, माणसं रांगेत उभी राहून 'कुणी नको' सांगायला लागलीत. पाच वर्षांनी मी तेच सांगायला शाळेच्या जिममध्ये उभी होते.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आगं, तिकडं बी आसंच हाय व्हय? मग तू येवढ्या लांब जाऊन काय मिळवलंस?" तिला उत्तर देता आलं नाही, विषय डाळिंबाच्या भावाकडे गेला.

अमेरिकेच्या राजकारणावर माझा विश्वास बसला तोही एका युद्धातच. २००३ ला मी इथे नवीन होते, व्हिसावर, मत नव्हतं, पण फेब्रुवारीतल्या त्या थंडीत इराक युद्धाच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरलेले टीव्हीवर बघितले, जगभर एकाच दिवशी, आणि वाटलं की हा देश असा पण आहे. सिनेटमध्ये आदल्या वर्षी ७७ विरुद्ध २३ ने बुशला युद्धाचा अधिकार दिला गेला होता, त्या २३ मध्ये मिशिगनचे दोन्ही सिनेटर होते, लेविन आणि स्टॅबेनाव. मला त्याचा अभिमान वाटायचा, मी इथली नागरिक नसताना. पण २००४ ला डेमोक्रॅट्सनी उमेदवार कोण दिला, तर जॉन केरी, ७७ मधला. जो माणूस तरुणपणी व्हिएतनामवरून परत येऊन सिनेटच्या कमिटीसमोर युद्धाविरुद्ध साक्ष देऊन गेला, त्यानेच इराकच्या ठरावाला हो म्हणलं होतं, आणि मग प्रचारात हो आणि नाहीच्या मधे अडकून पडला. माझे अमेरिकन कलीग तेव्हा तोंड वाकडं करून म्हणायचे, दुसरा पर्याय नाही. हॉवर्ड डीन युद्धाच्या विरोधात बोलला होता, पण तो निवडून येणारा नाही म्हणे. केरी निवडून येणारा, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि तो पडला.

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात बुशचे उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या डिक चेनींनी हॅरिसना पाठिंबा जाहीर केला आणि पक्षातल्या लोकांनी त्याचं स्वागत केलं तेव्हा माझ्या पोटात कसंतरीच झालं. इराक युद्ध ज्यांनी रेटलं त्यातला सगळ्यात मोठा माणूस. पुढच्या महिन्यात त्यांची मुलगी लिझ चेनी हॅरिसबरोबर आमच्याच भागात, रॉयल ओकमध्ये, स्टेजवर. मला समजतं की लिझ चेनीने ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर स्वतःचं पद घालवून जे केलं त्याला हिंमत लागते, ते मी नाकारत नाही. पण माझ्या मैत्रिणीच्या घरात ते चित्र कसं दिसलं असेल? ज्या पक्षाने ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात एका पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकन बाईला पाच मिनिटं बोलू दिलं नाही, तो पक्ष चेनींच्या घराला जागा करून देतो. अनकमिटेडचे डेलिगेट्स, म्हणजे त्या मतांवर अधिवेशनाला गेलेले प्रतिनिधी, सभागृहाच्या बाहेर फुटपाथवर रात्रभर बसून होते. आत ओलीस ठेवलेल्या एका मुलाचे आईवडील बोलले, ते ऐकून मी रडले, त्यांनी बोलायलाच हवं होतं, आणि त्यांनी स्वतः गाझातल्या लोकांच्या दुःखाचाही उल्लेख केला. थोड्याच दिवसांत त्या मुलाचा मृतदेह सापडला. त्याच स्टेजवर अजून एक खुर्ची मांडली असती तर काय कमी झालं असतं, हा प्रश्न मी नंतर कितीतरी जणांना विचारला, पक्षाचं काम करणाऱ्यांनाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, आत्ता नको, निवडणूक जवळ आहे.

आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हे विषय यायचेच नाहीत. तिथे वाद व्हायचे ते एचवनबीवर, ट्रंप भारताला बरा की हॅरिस, हॅरिसची आई तमिळ म्हणून ती आपली की नाही, आणि ट्रंपबरोबर उपाध्यक्षपदाला उभ्या व्हान्सची बायको तेलुगू हे मग दुसऱ्या बाजूने. डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार आपल्या बेळगावचे, त्यांचं कौतुक ग्रुपवर असतंच, मलाही आहे, त्या घरातून इथवर येणं सोपं नाही. पण युद्धाच्या बाबतीत ते ठामपणे इस्रायलच्या बाजूने, ऑक्टोबर २०२३ मध्ये समाजवाद्यांच्या संघटनेचं सभासदत्वही त्यांनी सोडलं, त्यावर ग्रुपवर एक शब्द नाही. मी एकदा गाझातल्या हॉस्पिटलची बातमी टाकली तर कुणीतरी लगेच खाली उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला. मला वाटतं लोकांना वाईट वाटत नाही असं नव्हे, त्यांना भीती वाटते, आपण इथे पाहुणे आहोत ही भीती पासपोर्ट बदलला तरी जात नाही.

नोव्हेंबरची मतपत्रिका लांबलचक होती. पहिल्यांदाच अध्यक्षपदाच्या निवडणुकीला मिशिगनमध्ये लवकर मतदानाची सोय होती, मी टाउनशिपच्या इमारतीत रांगेत उभी राहिले. पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून कागद दिला. सगळ्यात वर अध्यक्षपदाच्या नावांची ती रांग, त्यात रॉबर्ट केनेडी ज्युनिअरचं नाव, ज्याने ऑगस्टमध्येच माघार घेऊन ट्रंपला पाठिंबा दिला होता पण मिशिगनमध्ये त्याचं नाव काढलं गेलं नाही. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन. कॉर्नेल वेस्ट. मी हॅरिससमोरचा गोल भरला. मला ट्रंपची २०१७ ची मुस्लिम बंदी आठवत होती, विमानतळावर अडकलेली माणसं आठवत होती, ज्यांचे कागद अजून पूर्ण नाहीत अशी आमच्या ओळखीतली दोन घरं आठवत होती. हॅरिसना टीव्हीवर विचारलं होतं की बायडनपेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, आणि त्यांना काही आठवलं नव्हतं, तेही मला आठवत होतं. तरी भरला. कुणावर दबाव आणता येईल, कुणाला लाज वाटू शकेल, एवढाच हिशोब मी केला, आणि तो हिशोब मला आजही पटतो. आनंद मात्र नव्हता त्यात, फेब्रुवारीसारखा तर अजिबातच नाही.

माझ्या मुलीने, तिचं पहिलंच मत, सगळी मतपत्रिका भरली, सिनेट, काउंटी, शाळेचं बोर्ड, अगदी जज सुद्धा, आणि सगळ्यात वरचा रकाना कोरा ठेवला. आम्ही त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडलो. मी २००० सालचं फ्लोरिडा काढलं, ५३७ मतांचा फरक, तिसरा उमेदवार नेडर, त्याची ९७ हजार, आणि त्यातून बुश, आणि बुशमधून इराक. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आई, हे तू मला सांगतेयस, पण इराकला हो म्हणणाऱ्या अर्ध्याहून जास्त डेमोक्रॅटिक सिनेटर्सना कुणी काय सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. तिने यादी बघितली होती, ५० पैकी २९. मी आयुष्यभर ७७-२३ च म्हणत आले.

मैत्रिणीने स्टाइनला दिलं. तिच्या भावाने ट्रंपला. डिअरबॉर्नचा निकाल तसाच लागला, ट्रंप ४२ टक्के, हॅरिस ३६, स्टाइन १८. चार वर्षांपूर्वी त्याच गावात बायडनला जवळजवळ ७० टक्के होते. राज्यात ट्रंप ८० हजारांच्या आसपास मतांनी जिंकला, म्हणजे डिअरबॉर्न सगळंच्या सगळं हॅरिसकडे गेलं असतं तरी भागलं नसतं, पण दुसऱ्याच दिवसापासून टीव्हीवर बोट त्यांच्याकडे. ऑफिसमध्ये एकाने तिला ऐकू जाईल असं म्हणलंसुद्धा, आता भोगा. ती काही बोलली नाही. मी बोलले, बरंच बोलले, नंतर मॅनेजरने दोघांना बोलावलं. जानेवारीत युद्धविराम झाला तेव्हा तिचा भाऊ म्हणाला बघा, आणि फेब्रुवारीत ट्रंप नेतान्याहूंच्या शेजारी उभा राहून गाझा अमेरिका ताब्यात घेईल म्हणाला तेव्हा तो गप्प झाला. मार्चमध्ये परत हल्ले सुरू झाले. जूनमध्ये इराणवर अमेरिकेने बॉम्ब टाकले. त्या काळात मी तिच्या घरी गेले होते, तिचा भाऊ अंगणात द्राक्षाचा मांडव बांधत होता. राजकारणावर कुणीच काही बोललं नाही, मी दोऱ्या धरून उभी राहिले.

मला अजून वाटतं की चूक नोव्हेंबरात मतं देणाऱ्यांची नव्हती, यांची नाही, त्यांची नाही, माझ्या मुलीची नाही. जी गोष्ट पक्षाच्या आत, वेळेवर, मोकळेपणाने भांडून ठरवायची ती भांडूच दिली नाही. बायडन जुलैत बाजूला झाले, तेव्हाही पंधरवड्यात सगळं ठरून गेलं, कुणी कुणाला प्रश्न विचारला नाही. आम्हाला फक्त बोलावलं गेलं ते शेवटच्या दिवशी, जे ठरलंय त्यावर शिक्का मारायला.

मिशिगनमध्ये प्रीसिंक्ट डेलिगेट नावाचं एक पद असतं. पक्षाचं सगळ्यात खालचं, निवडून यायचं पद, आपल्या मतदान केंद्राच्या हद्दीपुरतं. दर दोन वर्षांनी ऑगस्टच्या प्रायमरीत त्याची निवडणूक होते, फी नाही, सह्या गोळा करायच्या नाहीत. हेच लोक काउंटीच्या अधिवेशनात जातात, तिथून राज्याच्या अधिवेशनाला कोण जाणार ते ठरतं, आणि ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट यांचे उमेदवार त्या अधिवेशनात ठरतात. कितीतरी प्रीसिंक्टमधे या जागा रिकाम्याच असतात, कारण कुणी अर्जच भरत नाही. मी फॉर्म आणलाय. नोटरीसमोर सही करायची आहे. मुलगी म्हणते ज्या पक्षावर विश्वास नाही त्यात कशाला जातेस. मैत्रीण म्हणाली तू उभी राहिलीस तर मी तुला देईन, पक्षाला नाही. तिला सांगितलं, अगं, तुझं मत माझ्या प्रीसिंक्टमध्ये येतच नाही, तू तुझ्याकडे उभी राहा. त्यावर ती म्हणाली विचार करते, आणि मग आम्ही दोघी तिच्या गल्लीची हद्द नकाशावर शोधत बसलो.